यासीनच्या बदली

रियाध
९ मार्च २०१८

खैरुन्निसाआपा,

यासीन तुम्हाला आपा म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. राग मानू नका. मी सुबोध मिराशी, त्याचा रियाधचा मित्र. गेल्या वर्षी तो गेल्याचं कळल्यावर मी तुमच्या घरी फोन केला होता. अब्बांनी उचलला. "कोण?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी फोन ठेवून दिला. पुन्हा करायचं धैर्य झालं नाही. तुमच्या गावचा मुनाफ सुट्टीवर येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. शाळेतच नेऊन देईन म्हणाला.

विषय तसा लहान आहे. यासीनची एक वस्तू माझ्याकडे राहिली आहे. त्याची बेस गिटार. आम्ही चार-पाच जण दर शुक्रवारी परदेशी लोकांच्या एका बंदिस्त कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये वाजवायला जमायचो. भिंतींच्या बाहेर तेव्हा असलं काही करायची सोय नव्हती. मी साधी गिटार वाजवायचो, यासीन बेस. तुम्हाला कदाचित माहीत नसेल, या गिटारला चारच तारा असतात, जाड. आवाज खालून येतो. ऐकणाऱ्याचं तिकडे लक्ष जात नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ होतं.

२०१६मध्ये मोबाइलच्या दुकानांत फक्त सौदी माणसं ठेवायची असा हुकूम निघाला आणि त्याचं दुरुस्तीचं काम गेलं. मग बुरैदाला, मुनाफ असतो तिथे, खजुराच्या पॅकिंगमध्ये लागला. तिथे एका खोलीत आठ जण. म्हणून जाताना गिटार माझ्याकडे ठेवून गेला. तेव्हापासून बँडमध्ये त्याच्या जागी मीच बेस वाजवतो.

आता सुफियान नावाचा इथलाच एक तरुण ती बदल्यात मागतोय. त्याच्याकडची गिटारही जुनीच, वीस वर्षांपूर्वीची, पण जपानी बनावटीची. वजनाला हलकी, दांडा सरळ, माझ्या दुखऱ्या मनगटाला सोपी. यासीनच्या गिटारचा दांडा किंचित वाकलाय, सातव्या पट्टीवर तिसरी तार झणझणते. व्यवहार म्हणून पाहिलं तर फायदा माझाच आहे. पण वस्तू तुमची. तुम्ही हो म्हणालात तर देईन, नाही म्हणालात तर विषय संपला.

तुमचा,
सुबोध


दाभोळ
२७ मार्च २०१८

सुबोधभाऊ,

तुमचं पत्र मुनाफने शाळेत आणून दिलं. मधल्या सुट्टीत वाचलं, मग पुढच्या तासाला मुलांना शुद्धलेखन घालून पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिता, "तुम्हाला कदाचित माहीत नसेल." भाऊ, मला काहीच माहीत नव्हतं. आमचा यासीन गिटार वाजवायचा हेच मला तुमच्या पत्रातून कळलं.

तो नऊ वर्षांचा असताना त्याने मासळीच्या लाकडी खोक्यावर जाळ्याची तंगूस, नायलॉनची दोरी, ताणून बांधली होती. एक जाड, एक बारीक. ओटीवर बसून दिवसभर टुंग टुंग करायचा. अब्बा चाळीस वर्षं तांडेल होते, बोटीवर त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे, घरात तर नाहीच. गाणंबजावणं त्यांना खपत नाही. त्यांनी तो खोका उचलून खाडीत टाकला. यासीन रडला नाही. ओहोटीला जाऊन शोधून आला, सापडला नाही, मग पुन्हा कधी त्याने तसलं काही केलं नाही. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं फोनवर बोलत होतो आम्ही, दर जुम्म्याला. पोटात किती ठेवून बोलत होता, आता कळतंय.

हो की नाही ते लगेच सांगत नाही. आधी मला दोन गोष्टी कळू द्या. हा सुफियान कोण? त्याला नेमकी यासीनचीच गिटार कशाला हवी, तीही वाकडी, झणझणणारी?

आणि दुसरी. वारला त्या दिवशी यासीन बुरैदाहून रियाधला कशासाठी निघाला होता? आदल्या संध्याकाळी मला फोनवर म्हणाला, "आपा, उद्या येक काम हाय. ता झाला का मी कायमचा घरी येतंय." काय काम, ते विचारलं तर हसला. चौदा महिने झाले, मी रोज चुलीपाशी बसले की ते हसणं ऐकते. तुम्ही त्याचे रियाधचे मित्र. तुमच्याकडेच येत होता का? तुम्हाला ठाऊक असलं तर लिहा.

मुनाफ परवा निघतोय, त्याच्यासोबत हे पाठवते. यापुढेही पत्र शाळेच्या पत्त्यावरच टाका. घरी अब्बा असतात.

खैरुन्निसा


रियाध
१३ एप्रिल २०१८

आपा,

सुफियानबद्दल आधीच लिहायला हवं होतं. तो मूळचा हाइलचा, सव्वीस-सत्तावीसचा असेल. यासीनच्या दुकानात त्याच्या जागी जो सौदी माणूस घेतला, तो हाच. शेठने यासीनला सांगितलं होतं, तीन महिन्यांत याला काम शिकव, मग तुझा हिशोब करतो. यासीनने शिकवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारी गिऱ्हाईक नसताना बेसही शिकवला.

मी त्याला टाळत होतो, खरं सांगायचं तर. तो अरबी वळणाची हिंदी बोलतो आणि मध्येच यासीनचे शब्द येतात. परवा त्याची गिटार बघायला म्हणून घरी ठेवून गेला. जाताना मी म्हणालो, अजून ठरलं नाही. तर म्हणतो, "व्हईल, सगला व्हईल." अगदी तसंच, शेवटचा शब्द लांबवून. दारात उभा होता.

सध्या दोन्ही गिटारी बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या आहेत. सुफियानची छान आहे. सुरात राहते, हाताला गोड. पण तिच्यावर मी वाजवायला लागलो की शेजारची वाजते. हात न लावता. यासीनच्या गिटारची सर्वांत जाड तार आपोआप गुणगुणायला लागते. माझी बायको सानिका म्हणते, सूर जुळला की दुसरी तार थरथरतेच, शाळेत शिकलो की आपण. बरोबर आहे तिचं. तिने वर टॉवेल टाकला. तरी मला टॉवेलखालून ऐकू येते. मी वाजवणं थांबवल्यावरसुद्धा.

त्या गिटारच्या अंगावर, जिथे उजवा हात टेकतो, तिथलं पॉलिश गेलंय. यासीनच्या हाताने गेलं. आतल्या तारा त्याने मोबाइलच्याच सोल्डरने जोडल्यात. माझा हात त्या घासलेल्या जागेवर नीट बसत नाही, थोडा बाहेर राहतो. दीड वर्ष झालं, अजून बसत नाही. ही घरातून गेली तर बरं, असं मला वाटतं. हे पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

त्या शुक्रवारच्या कामाबद्दल मला काही ठाऊक नाही.

सुबोध


दाभोळ
३० एप्रिल २०१८

सुबोधभाऊ,

माझं उत्तर नाही असं आहे. माझ्या भावाच्या खुर्चीवर बसला, त्याच्याकडूनच काम शिकून बसला, आणि आता त्याची गिटारही हवी? त्याचे शब्दसुद्धा घेतले म्हणता. अजून काय ठेवलंय? त्याला सांगा, यासीन पेवेकरला एक बहीण आहे आणि ती नाही म्हणते. पाण्यात गेली तरी चालेल, त्याच्या हातात नको.

हे लिहून पत्र बंद करणार होते. पण काल मुनाफचा बुरैदाहून फोन आला. तुमचं पत्र मिळालं का, काय लिहिलंय, असं विचारत होता. मी गिटारचं सांगितलं. मग म्हणाला, "आपा, त्या दिवशी सकाली मीच त्याला गाडीत बसवला. त्यो म्हनला, सुबोधकडं जातंय, माझी गिटार आनायला." अब्बांना गिटारचं कळलं तर मेलेल्या माणसावरही रागावतील, म्हणून मुनाफने आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही लिहिता, काही ठाऊक नाही.

मुनाफ खोटं का बोलेल, भाऊ?

खैरुन्निसा


रियाध
११ मे २०१८

आपा,

मुनाफ खोटं बोलला नाही. मी बोललो.

१३ जानेवारी २०१७, शुक्रवार. यासीन न कळवता माझ्या दारात आला. बारीक झाला होता. खजुराच्या पॅकिंगच्या मुकादमाने त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, आपल्या नावावर करून देतो म्हणून चार महिने झुलवलं होतं, आणि इकडे जुन्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर परवाना होता त्या दुकानाच्या शेठने, तो पळून गेल्याची नोंद करून टाकली होती. म्हणजे रस्त्यात पोलिसाने कागद मागितले तर सरळ आत. मी त्याला आत घेतलं, पण दार लावताना आधी जिन्यात कुणी आहे का ते पाहिलं. ते त्याने बघितलं.

चहा पिताना म्हणाला, "सुबोध, आता खलास. कायमचा जातो. गिटार दे माझी."

गिटार आतल्या खोलीत पलंगाखाली होती. आम्ही बसलो होतो तिथून दहा पावलांवर. आणि मी म्हणालो, "अरे, ती क्लबहाउसमध्ये कुलपात आहे. पुढच्या शुक्रवारी ये, आणून ठेवतो."

का म्हणालो? सत्तावीस तारखेला आमचा कार्यक्रम होता. दोनशे लोक येणार होते. चार महिने मी तिच्यावर घासलं होतं, यासीनची जागा मला मिळाली होती आणि लोक मला चांगलं म्हणायला लागले होते. एवढंच. तेवढा कार्यक्रम झाला की देऊन टाकू, असं मनात होतं. तो म्हणाला, "बरं. व्हईल." माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

आता पुढचं. २० जानेवारी. सकाळी सव्वासातला त्याचा मेसेज आला: "निघालो. अकरापर्यंत पोचतो." मी वाचला आणि फोन बंद केला. सानिकाला म्हटलं, मुलीला घेऊन मैत्रिणीकडे जा, मला सराव करायचाय. नऊपासून साडेदहापर्यंत वाजवत बसलो, छोटा स्पीकर लावून. मग वायर काढली, दिवा घालवला आणि दाराकडे बघत बसून राहिलो. बेल वाजली की उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. घरी कुणी नाही असं समजून तो परत जाईल, आणखी एक आठवडा मिळेल.

अकरा वाजले. साडेअकरा. जुम्म्याची अजान झाली, नमाज सुटली. बेल वाजली नाही. आणि आपा, मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

तेव्हा तो बुरैदाबाहेर अर्ध्या तासावर धुक्यात उलटलेल्या गाडीतून काढून इस्पितळात ठेवलेला होता. मला रविवारी मुनाफने कळवलं.

हेही लिहितो, म्हणजे मागे काही राहणार नाही. सत्तावीस तारखेला मी त्याच गिटारवर वाजवलं. तो अजून शवागारात होता, घरच्यांचे कागद यायचे होते. मला ते माहीत होतं. लोक उठून उभे राहिले होते टाळ्या वाजवत.

बुरैदाला मी गेलो नाही. कफीलने पळून गेलेला म्हणून नोंदवलेल्या माणसासाठी तिथे जाऊन उभं राहायला घाबरलो. सुफियान गेला. बारा दिवसांत तीनदा, दर खेपेला साडेतीनशे किलोमीटर जाऊन तेवढंच परत. इस्पितळात, पोलिसांत, आपल्याच शेठशी भांडून कागद नेऊन दिले. मला हे त्याने कधी सांगितलं नाही, मुनाफकडून कळलं. तुमच्या भावाला त्याने स्वतः आंघोळ घातली. कबरीत उतरलेला माणूस तोच.

त्याला "नाही" कळवायचं आहे का? तुम्ही सांगाल तसं.

सुबोध


रियाध
२२ जून २०१८

आपा,

सहा आठवडे झाले. रमजान गेला, ईद झाली. तुमच्या हस्ताक्षरातलं पाकीट नाही. यायला हवं असं मी म्हणत नाही.

सुफियान ईदला खजूर घेऊन आला होता. गिटारबद्दल एक शब्द विचारला नाही. टॉवेल टाकलेला होता तिकडे बघितलं आणि खाली बघून चहा प्यायला. त्याची गिटार मी अजून परत केलेली नाही, कारण परत करताना काय सांगायचं ते मला कळत नाही.

यासीनची हवी असेल तर मुनाफबरोबर गावी पाठवतो. किंवा स्वतः घेऊन येतो आणि अब्बांसमोर उभा राहतो. काही तरी कळवा. "काही कळवायचं नाही" एवढं कळवलंत तरी चालेल.

सुबोध


दाभोळ
६ जुलै २०१८

सुबोध मिराशी यांस,

तुमचं मे महिन्याचं पत्र आलं तेव्हा शाळेला सुट्टी लागली होती. शिपायाने ते कपाटात टाकलं. शाळा उघडली तेव्हा हजेरीपटाच्या खाली सापडलं. म्हणजे तुम्ही उत्तराची वाट बघत होता तेव्हा मला काही माहीत नव्हतं, ईदची शेवयांची खीर ढवळत होते. जूनमधलं पत्र मात्र वाचूनच गप्प बसले.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते मला जमेल असं आज वाटत नाही, आणि जमलं तर मी स्वतःहून कळवीन, तुम्ही विचारू नका. तुम्ही बेल वाजायची वाट बघत बसला होता ते वाचल्यापासून मी वर्गात असले आणि दारात कुणी आलं की दचकते. तुमच्या घरातलं भूत पत्रातून इकडे आलं.

पण एक गोष्ट मला अब्बांना सांगावीच लागली. वर्षापूर्वी मुनाफने सांगितलं होतं, दुकानाचा कुणी माणूस आला होता, त्याने सगळं केलं, त्यानेच यासीनला खाली ठेवला. आम्ही समजलो, कुणी वयस्कर शेठ असेल. अब्बा तेव्हापासून रोज पहाटे फजरच्या नमाजेनंतर त्या माणसासाठी दुवा मागतात. नाव माहीत नाही म्हणून "या अल्लाह, तो जो कोणी" असं म्हणतात. आणि मी ज्याला शाप दिले, तो हाच निघाला. मग कशी गप्प राहू?

सगळं सांगितलं. गिटारचंही. मला वाटलं होतं, ओरडतील. अब्बा हाताच्या बोटांकडे बघत राहिले. मग विचारलं, "चांगला वाजवायचा काय गो तो?"

मी त्याला कधी ऐकलंच नाही. उत्तर तुम्ही द्या. खरं असेल तेच लिहा, आम्हाला बरं वाटावं म्हणून नको.

आता तुम्ही पहिल्या पत्रात विचारलेल्याचं उत्तर. अदलाबदल करायची नाही. यासीनची गिटार सुफियानला द्या. त्याची गिटार तुम्ही ठेवायची नाही. पैसे नाहीत, वस्तू नाही, काही नाही. आणि देण्याआधी त्याला सगळं खरं सांगा, मला लिहिलंत तसं, काही न वगळता. त्यानंतर त्याने घेतली तर घेतली.

कबरीवर जाऊन या. आमच्यापैकी कुणाला ते होणार नाही.

खैरुन्निसा


रियाध
२१ जुलै २०१८

आपा,

काल, शुक्रवारी, सुफियानच्या गाडीतून बुरैदाला गेलो. यासीनची गिटार मागच्या सीटवर होती. त्याला एवढंच सांगितलं होतं की बहिणीने ती तुला द्यायला सांगितली आहे, पण आधी मला बोलायचंय.

बोलायला शंभर किलोमीटर गेले. मग सांगितलं. पलंगाखालची गिटार, दिवा घालवलेला, सगळं. हिंदीत सांगताना ते आणखी हलकट वाटत होतं, कारण शब्द थोडेच होते. सुफियानने एकदाही मान वळवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. संपल्यावर म्हणाला, "पानी पियो, भाई," आणि बाटली दिली.

कबरस्तान शहराच्या कडेला आहे. बसकी लांब भिंत, आत लालसर माती. मी मुसलमान नाही, म्हणून बाहेरच थांबलो, ते बरोबर होतं. फाटकातून दिसत होतं. इथे कबरींवर नावं लिहीत नाहीत. डोक्याशी एक दगड, सगळे सारखेच. मला वाटलं, दीड वर्षाने कशी सापडणार? पण सुफियान भिंतीपासून ओळी मोजत सरळ गेला आणि एका ठिकाणी उभा राहिला. वारा होता, त्याचा थोब, तो लांब अरबी झगा, अंगाला चिकटत होता. बराच वेळ उभा होता. तिथली चिमूटभर माती त्याने एका कागदात बांधून आणली आहे, ती या पत्रासोबत पाठवू का ते मला कळेना. तुम्ही सांगितलंत तर मुनाफच्या हाती देईन.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर. यासीन फार चमकदार वाजवत नसे. कुणी त्याला एकट्याला वाजव म्हटलं की लाजून बसायचा. पण एकदा सरावात त्याची वायर निसटली आणि आम्ही चौघं दोन मिनिटांत एकमेकांपासून सुटलो. कोण कुठे आहे कळेना. तो खाली वाकून वायर शोधत होता आणि आम्ही सगळे वाजवायचं सोडून त्याच्याकडे बघत होतो. चांगला वाजवायचा, आपा. आमच्यात सगळ्यांत चांगला. हे मी त्याच्यासमोर कधी म्हणालो नाही.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावर थांबलो. सुफियानने दोन चहा आणले, बॉनेटवर ठेवले आणि मग त्याबद्दल पहिल्यांदा बोलला.

म्हणाला, "मला माहीत होतं."

मला वाटलं, मुनाफने सांगितलं असेल. तर म्हणाला, नाही. त्या सकाळी यासीनने त्यालाही फोन केला होता. गिटार जड आहे, टॅक्सीवाले कटकट करतात, तू अकराला सुबोधच्या बिल्डिंगखाली गाडी घेऊन ये, मला तुझ्याकडे दोन दिवस राहू दे, मग मी जातो. सुफियान दहालाच येऊन थांबला. माझ्या खिडकीखाली. मी पहिल्या मजल्यावर राहतो.

"मग तू ऐकलंस," मी म्हणालो.

"ऐकलं." चहाच्या कपाकडे बघत होता. "तीच गिटार. तिसऱ्या तारेची ती झणझण मला पाठ आहे. यासीनने मला त्याच गिटारवर शिकवलं. मला वाटलं, यासीन लवकर पोचलाय. वर बसून तोच वाजवतोय."

"मी खूश झालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, इतक्या महिन्यांनी हातात आलीय, वाजवू दे त्याला. वर जाऊन बेल नाही मारली. साडेदहाला आवाज थांबला. मला वाटलं, चहा पीत असतील. नमाजला गेलो, परत आलो, दोन वाजेपर्यंत खाली बसलो. नंतर इस्पितळातून फोन आला. गाडी सकाळी आठला उलटली होती."

मी विचारलं, हे सगळं माहीत असून तू वर्षभर माझ्याकडे का येत राहिलास? सरळ मागितली का नाहीस? बदल्यात स्वतःची चांगली गिटार का देऊ केलीस?

म्हणाला, "मागितली असती तर तू नाही म्हणाला असतास. आणि मला ती हवी होती." मग म्हणाला, "आणि मला एकदा विचारायचं होतं. तू वाजवत होतास तर मला तो का ऐकू आला?"

घरी सोडताना तो त्याची गिटार न घेताच निघाला होता. मी ती वरून आणून त्याच्या गाडीत यासीनच्या गिटारशेजारी ठेवली. त्याने आरशात एकदा पाहिलं, यल्ला, म्हणजे चला, एवढंच म्हणाला आणि गेला. आता माझ्याकडे एकही नाही. बँडला कळवलंय की दुसरा कुणी बघा.

एका गोष्टीबद्दल मात्र तुम्हाला विचारायचंय, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. गाडी आठला उलटली. मी नऊला वाजवायला बसलो. आणि त्यातल्या शेवटच्या अर्ध्या तासात खाली उभ्या असलेल्या, त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखणाऱ्या माणसाला यासीनच कसा ऐकू आला? मी तेव्हा नेमकं काय वाजवत होतो, ते मी आठवायचा रोज प्रयत्न करतो. आठवत नाही, आपा. त्या दिवशीचं बाकी सगळं आठवतं.

सुबोध